धागा उकलून बघ

काडी ओढायची, चिमट्यात धरलेला धागा ज्योतीच्या कडेला न्यायचा आणि नाक तयार ठेवायचं. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत बाजूला नेताच धागा आपला आपण विझला आणि मागं उरलेली काळी राख बोटांत चुरडली गेली, तर लोकर. आक्रसून, वितळून टणक मणी झाला, तर पॉलिएस्टर. काजळी सोडत भसकन पेटला आणि वेडावाकडा काळा खडा उरला, तर ॲक्रिलिक. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख असेल, तर सूत किंवा व्हिस्कोज. मुंबईतल्या एका कापड-तपासणी प्रयोगशाळेत ती गेली वीस वर्षं हे करत आली आहे. पुढं सूक्ष्मदर्शक असतो, आम्लं असतात, चौथ्या दशांशापर्यंत वजन दाखवणारा काटा असतो. पण पहिला अंदाज नाकाचाच.

पावसाळा सरत आला की तिच्या टेबलावर 'ट्वीड' जमायला लागतं. कुणी निर्यातदार असतो, कुणी थंडीसाठी जॅकेटं शिवून विकणारा, कुणी सोफ्याचं आणि पडद्यांचं कापड मागवणारा. पाकिटावर सगळ्यांनी लिहिलेलं असतं ट्वीड. आत कधी हेरिंगबोन म्हणजे माशाच्या काट्यासारखी तिरपी वीण, कधी करड्यावर रंगीत ठिपके, कधी गुलाबी-पांढऱ्या फुगीर धाग्यांत चमकती जर. बहुतेकांत लोकरीचा अंशही नसतो. तिला त्याचा राग येत नाही. मुंबईच्या दमट हवेत खरं जाड लोकरीचं कापड कोण आणि किती वेळ अंगावर ठेवणार? चार तास थंडगार ऑफिसात बसायचं आणि मग लोकलनं घरी जायचं, त्या माणसाला पॉलिएस्टर-व्हिस्कोजचं ट्वीडसारखं दिसणारं जॅकेट हीच शहाणपणाची खरेदी आहे. ते धुता येतं, कसर लागत नाही, किंमतही झेपते. फक्त पाकिटावर जे लिहिलंय ते आत असायला हवं, एवढंच तिचं म्हणणं.

काडी ओढण्याआधी ती एक गोष्ट करते, जी प्रयोगशाळेच्या छापील पद्धतीत नाही. नमुन्यातून एक धागा ओढून काढते, दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरते आणि पिळाच्या उलट दिशेनं हळूहळू उकलते. हे तिला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही.

ती इचलकरंजीची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला आणि त्यानंतर गावच मागाच्या ठेक्यावर जगू लागलं. तिच्या घराच्या खालच्या खोलीत चार साधे माग होते. सूत व्यापाऱ्याचं, ताणा गुंडाळलेला बीम व्यापाऱ्याचा, विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. इचलकरंजीत अशा माणसाला खर्चीवाला म्हणतात. तिचे बाबा खर्चीवाले. रात्री वीज गेली की घरातली पोरं दचकून उठायची, कारण धोट्याचा आवाज थांबलेला असायचा. सुताचं नवं पोतं आलं की बाबा त्यातला वीतभर धागा घेऊन दारातल्या उजेडात उकलायचे. पीळ किती, आखूड तंतू किती, मध्ये गाठी किती. मग तो धागा एका लांबट चोपडीत खळीनं चिकटवायचे आणि पुढच्या रकान्यांत लिहायचे : तारीख, व्यापारी, सुताचा नंबर, पिक म्हणजे इंचातले बाण्याचे धागे, दर. पोत्यावरचा छाप वाचून ती काही बोलायला लागली की म्हणायचे, "छाप कुनीबी मारतंय. धागा उकलून बघ."

वस्त्रतंत्राची पदवी घेऊन २००३ साली ती पुढच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्स या गावी गेली. स्कॉटिश बॉर्डर्स म्हणतात त्या भागातलं हे लोकरीच्या गिरण्यांचं जुनं गाव. तिथली गॅला नावाची छोटी नदी गावाच्या खाली जाऊन ट्वीड नदीला मिळते. कापडाचं नाव या नदीवरून पडलं असं तिला वाटलं होतं, आणि ते निम्मंच खरं निघालं. तिरप्या विणीच्या कापडाला, आपण ज्याला ट्विल म्हणतो त्याला, स्कॉट लोक 'ट्वील' म्हणायचे. १८३० च्या सुमारास बॉर्डर्समधून लंडनला गेलेल्या एका पत्रातला हा शब्द तिथल्या व्यापाऱ्यानं 'ट्वीड' असा वाचला, त्याला वाटलं नदीचं नाव असेल, आणि त्याच नावानं माल विकला गेला, अशी कथा त्या भागात सांगतात. नाव पडलं ते असं म्हणे, हस्ताक्षराच्या घोटाळ्यातून.

पहिल्या काही आठवड्यांतला एक धडा तिच्या हातात अजून आहे. शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर एक दगड ठेवला. शेवाळलेला, साधा डोंगरातला दगड. या रंगाचं सूत तयार करा. समोर रंगवलेल्या सुट्या लोकरीच्या पिशव्या, एक लहान काटा, आणि बारीक तारांचे दात बसवलेल्या दोन लाकडी फळ्या. ग्रॅमच्या हिशेबानं लोकर घ्यायची, दोन फळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा ओढून पिंजायची, मिसळ झाली की हातानं पीळ देऊन पाहायचं. तिनं तपकिरी घेतली, हिरवट घेतली, गडद करायला काळी घेतली. मिश्रण मेलं. दगड जिवंत आणि तिचं सूत चिखलासारखं. बाई म्हणाल्या, काळी काढ, निळी घाल. आणि चिमूटभर नारिंगी. तिला वाटलं थट्टा करतायत. घालून पाहिली, आणि दगड उजेडात आला.

इचलकरंजीत सूत रंगूनच येतं. निळा धागा म्हणजे निळा धागा. मग ताण्यात चार निळे, दोन पांढरे, बाण्यात तसेच, झाली चौकट. रंगाचा सगळा खेळ धाग्यांच्या मांडणीत. ट्वीडमध्ये रंग ठरतो तेव्हा धागा जन्मलेलाही नसतो. लोकर सुटी असतानाच रंगवतात, गिरणीत तिच्या ठरलेल्या प्रमाणानं राशी एकत्र करतात, मग पिंजतात, मग काततात. त्यामुळं लांबून मातकट दिसणारा एकच धागा उकलला, तर आत मोरपंखी, गंजासारखा, पिवळा, जांभळा असे तंतू शेजारी शेजारी बसलेले सापडतात. शिवाय ही लोकर फक्त पिंजलेली असते, विंचरून सरळ केलेली नसते. विंचरलेल्या लोकरीचं गुळगुळीत कापड म्हणजे वर्स्टेड. ठाण्यात १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडमुळं सूटचं कापड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तेच येतं. ट्वीडमधले तंतू वाट्टेल त्या दिशेला पडलेले, धागा केसाळ, आत हवा भरलेली. ऊब त्या अडकलेल्या हवेची असते.

२००४ च्या वसंतात सुट्टीत ती उल्लापूलहून बोटीनं लुईस बेटावर गेली. पावणेतीन तासांचा प्रवास, वाऱ्यानं उभं राहू दिलं नाही. हॅरिस ट्वीड जिथं होतं ते हे आउटर हेब्रिडीज, स्कॉटलंडच्या वायव्येला अटलांटिकमध्ये पसरलेली बेटं. झाड जवळपास नाही. दगड, दलदल, मेंढ्या, आणि घराशेजारी पत्र्याची शेड. एका शेडजवळून जाताना ती थबकली. आतून येणारा आवाज तिच्या लहानपणाचा होता. फक्त ठेका जरा संथ.

आत एक म्हातारा विणकर हॅटर्सली मागावर बसला होता. यॉर्कशायरमधल्या कीथली इथं बनलेले हे माग पहिल्या महायुद्धानंतर बेटांवर आले. दोन्ही पायांनी पावड्या दाबत चालवायचं. त्याच हालचालीनं वया उचलल्या जातात, धोटा पळतो, फणी ठोकते, कापड गुंडाळलं जातं. तिनं सवयीनं मागाच्या बाजूला वाकून पाहिलं आणि विचारलं, मोटर कुठंय? विणकर हसला. मोटर लावली तर याला हॅरिस ट्वीड म्हणता येणार नाही, म्हणाला, कायदा आहे.

आणि खरंच आहे. १९९३ साली ब्रिटिश संसदेनं हॅरिस ट्वीडचा कायदा केला. त्यानुसार ते कापड आउटर हेब्रिडीजमधल्या रहिवाशांनी आपल्या घरी हातमागावर विणलेलं हवं, त्याची लोकर शुद्ध आणि नवी हवी, ती रंगवणं, कातणं आणि कापडावरची शेवटची प्रक्रिया, सगळं त्या बेटांवरच झालेलं हवं. लोकर बेटाबाहेरच्या मेंढीची चालते आणि बरीचशी बाहेरूनच येते. बाकी काही नाही. इचलकरंजीला मोटरनं भाकरी दिली. इथं मोटर नाकारूनच भाकरी टिकली. मागावर मोठी झालेली ती मुलगी त्या शेडमध्ये बराच वेळ काही न बोलता उभी होती.

मग तिनं हळूहळू विचारायला सुरुवात केली. बीम कोण देतं? गिरणीची गाडी येते, ताणा भरलेला बीम टाकून जाते. बाण्याचं सूत? तेही गिरणीचं. डिझाइन? गिरणीचं. विणून झालं की? गाडी येते, तेलकट कापड घेऊन जाते. लोकर कातताना तेल लावलेलं असतं, त्यामुळं मागावरचं कापड चिकट, उग्र वासाचं आणि जाळीसारखं विरळ. गिरणीत चुकलेले धागे सुईनं भरतात, कापड धुतात, ओलंच चोळून-दाबून आटवतात, आणि मगच त्याला ट्वीडचं अंग येतं. शेवटी तपासनीस कापड पाहतो आणि उलट्या बाजूवर दर तीन मीटरला गोल आणि क्रॉसचं चिन्ह उमटवतो. त्या रविवारी तिला बेटावरच राहावं लागलं, कारण तिथल्या स्टोर्नोवे बंदरातून तेव्हा रविवारी बोट सुटत नसे.  सगळे माग बंद. तिनं टेलिफोन बूथमधून घरी फोन लावला आणि बाबांना सगळं सांगितलं. पलीकडे मागे माग चालू होते, ते ओरडून म्हणाले, "म्हंजे खर्चीवालाच की गं त्यो!"

त्या गोल चिन्हामागं मोठा इतिहास आहे. बेटांवर घरोघर विणलेल्या जाड कापडाला गेलिक भाषेत 'क्लो मोर', म्हणजे मोठं कापड म्हणत. खडकावर वाढणारं क्रोटल नावाचं दगडफूल खरवडून त्याचा लालसर तपकिरी रंग काढत. बायका टेबलाभोवती बसून ओलं कापड गाण्याच्या तालावर आपटत. मळ आणि तेल काढायला साठवलेलं मूत्र वापरत. क्रोटलनं रंगवलेलं अंगावर घालून कोळी समुद्रात जात नसत असं सांगतात. खडकाचं ते खडकाकडं परत जातं, ही भीती. १८४० च्या दशकात बेटांवरच्या हॅरिस या भागाच्या जमीनदारीण लेडी डनमोर यांनी हे कापड आपल्या उच्चभ्रू परिचितांमध्ये नेलं, शिकारीला जाणाऱ्या सरदारांना ते भावलं आणि मागणी वाढली. मागणी वाढली तशी नक्कलही. दुसरीकडच्या गिरण्यांमधलं कापड हॅरिस म्हणून विकलं जाऊ लागलं. म्हणून १९०९ मध्ये संघटना झाली, चिन्ह नोंदलं गेलं आणि १९११ पासून कापडावर शिक्का बसू लागला.

वाद तरी संपला नाही. सूत मुख्य भूमीवर कातून आणायचं आणि विणायचं फक्त बेटावर, मग ते हॅरिस का नाही? हा खटला स्कॉटलंडच्या न्यायालयात लांबच लांब चालला आणि १९६४ मध्ये लॉर्ड हंटर यांनी निकाल दिला : नाही. कातणंही बेटावरच. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, उत्पादन ७६ लाख यार्डांपर्यंत चढलं, तो आजवरचा शिखराचा काळ. नंतर ते खाली घसरत गेलं. ती गेली त्या वर्षी एका अमेरिकन बूट कंपनीनं बुटांसाठी सुमारे १० हजार मीटर कापड मागितलं होतं आणि हॅरिसमधल्या लस्केंटायरच्या एका विणकराच्या शेडपासून सुरू झालेली ती ऑर्डर बेटभर वाटली गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत यॉर्कशायरच्या एका उद्योजकानं तिथली सर्वांत मोठी गिरणी घेतली आणि हजारो डिझाइनं मोडीत काढून फक्त चार ठेवली, तेव्हा कितीतरी शेडमधले माग थांबले. २००७ मध्ये शॉबॉस्टची गिरणी नव्यानं उघडली आणि पुन्हा बीम येऊ लागले. गिरणीतल्या एका माणसाच्या निर्णयावर शंभर घरांचे पाय चालायचे किंवा थांबायचे. हे ऐकताना तिला पत्ता वेगळा वाटला, गोष्ट ओळखीची.

परत आल्यावर तिनं मुंबईत नोकरी धरली आणि ट्वीडसारखं दिसणाऱ्या गोष्टींशी तिची खरी ओळख झाली. डोनेगल सोपं. आयर्लंडच्या वायव्येकडच्या त्या परगण्यातल्या ट्वीडमध्ये साध्या विणीवर रंगीत गाठी पेरलेल्या दिसतात. कातताना लोकरीचे छोटे गोळे मुद्दाम सोडलेले असतात. त्याची नक्कल करणं सोपं म्हणून नकलाही सर्वाधिक : पॉलिएस्टर-व्हिस्कोजच्या धाग्यात रंगीत गाठी सोडल्या की झालं. लांबून फरक कळत नाही. नख लावलं की खऱ्या डोनेगलची गाठ दबते, नकली गाठ कडक लागते.

शनेलच्या जॅकेटची वंशावळ वेगळी. इंग्लंडच्या उत्तर टोकाला कार्लाइल इथं १९१२ साली विल्यम लिंटन यांनी गिरणी काढली. १९२० च्या दशकात कोको शनेल तिथून कापड घेऊ लागल्या आणि शिकारी सरदारांचं कापड बायकांच्या अंगावर आलं. त्या जॅकेटला आतून खालच्या कडेला साखळी शिवलेली असते, कापड नीट लोंबावं म्हणून. पुढं त्यात कुरळे धागे, फिती, मखमली सूत, जर असं काय काय आलं, आणि आज ऑनलाइन दुकानात 'ट्वीड' लिहून जे विकलं जातं ते बहुतेक या घराण्याचं लांबचं नातेवाईक असतं. सिंथेटिक फुगीर धाग्याला ट्वीड म्हणणं तिला बरोबर वाटत नाही, पण तिथं फसवणूक कमीच, कारण घेणारीला लोकर नकोच असते. छापील हेरिंगबोन मात्र तिला खटकतं. पॉलिएस्टरवर ट्वीडचा फोटो छापलेला. उकलायला धाग्यात काही नसतंच.

तिचा स्वतःचा धडा यातल्या कशातूनच आला नाही. नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील. एका पाकिटात करड्या-तपकिरी हेरिंगबोनचा तुकडा आला, सोबत मजकूर : शुद्ध लोकर. तिनं धागा काढला, उकलला आणि हरखली. आत नऊ रंग होते. निळा, विटकरी, शेवाळी, अगदी चिमूटभर नारिंगी. गॅलाशील्सच्या बाई आठवल्या. काडी ओढली, केसाचाच वास. वहीत तिनं लिहूनही टाकलं : उत्तम प्रतीचं मिश्रण.

मग काच पुढं घेतली. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. इथं खवले होते, पण घासून बोथट झालेले. तंतूंची टोकं तुटलेली, कुंच्यासारखी फिसकारलेली. मधूनच एक हिरवा काचेसारखा गुळगुळीत तंतू, नायलॉन. एक लाल, वेगळ्याच आकाराचा; ॲक्रिलिक. तिनं नमुना सोडियम हायपोक्लोराइटमध्ये टाकला. त्यात लोकर विरघळते, बाकीचे तंतू उरतात. गाळून, सुकवून, वजन केलं, तर जवळजवळ चौथा हिस्सा शिल्लक. त्या नऊ रंगांची कुणी जुळणी केलेली नव्हती. ते नऊ लोकांच्या जुन्या स्वेटरांचे, कोटांचे, शालींचे रंग होते.

तिनं वहीतली ओळ खोडली आणि दुसऱ्या दिवशी अहवाल पाठवला. माल पाठवणाऱ्याचा फोन आला, "मॅडम, लोकरच आहे की! लोकर म्हणून लिहिलं तर काय बिघडलं?" बिघडलं होतं. फाडून काढलेले तंतू आखूड असतात, धागा लवकर झिजतो, कापडावर गोळ्या येतात. नव्या लोकरीच्या भावात घेणारा दोन थंडीत ते ओळखतो. याच कारणानं अमेरिकेनं १९३९ च्या कायद्यानं लोकर नवी की वापरलेली हे लेबलावर सांगणं बंधनकारक केलं, आणि १९६४ मध्ये आलेलं वूलमार्कचं चिन्ह शुद्ध नव्या लोकरीची हमी म्हणून निघालं.

काही महिन्यांनी नमुने आणायला ती पानिपतला गेली. मराठी माणूस तिथं उतरला की आधी पानिपतच्या लढाईचं काला आंबचं स्मारक विचारतो. तीही सकाळी जाऊन आली. दुपारी कारखान्यात. थंड देशांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. बायका रंगानुसार ढीग लावत होत्या : लाल इथं, निळे तिथं, तपकिरीचे चार ढीग. आपल्या विळीसारख्या उभ्या पात्यापुढं बसून त्या कोटाची बटणं, चेन, अस्तर, कॉलर चराचरा वेगळं करत. मग दातेरी यंत्र कपडे फाडून पुन्हा लोकर करतं, तेल शिंपडून पिंजतात, काततात. रंगवावं लागत नाही. रंग ढिगातच जुळलेला असतो. याला शॉडी म्हणतात. यॉर्कशायरमधल्या बॅटलीच्या बेंजामिन लॉनं १८१३ मध्ये ही पद्धत काढली, आणि इटलीतल्या प्राटोनं ती कलेच्या पातळीवर नेली. पानिपतच्या शॉडीची ब्लँकेटं भूकंप-पुरांच्या मदतीत जगभर गेली, पुढं पॉलिएस्टरच्या स्वस्त ब्लँकेटांनी त्यांना मागं टाकलं.

तिथं एक बाई कोटाच्या खिशातून सापडलेलं बसचं तिकीट उलटसुलट करून बघत होती. तिनं हिला विचारलं, "दीदी, ये लोग कपड़े फटने से पहले ही क्यों फेंक देते हैं?" हिला उत्तर सुचलं नाही. पण रंग जुळवण्यात त्या बायकांची नजर गॅलाशील्सच्या बाईंइतकीच तीक्ष्ण होती, हे ती आजही आवर्जून सांगते. त्या दिवसापासून तिच्या अहवालात 'शॉडी' हा शब्द हलका म्हणून कधी आला नाही. पुनर्वापरातली लोकर, एवढे टक्के. नायलॉन, एवढे टक्के. स्वच्छ लिहिलं की त्या कापडाची मान खाली जात नाही.

नावाचा प्रश्न तिला उलट बाजूनंही छळतो. मुंबईतल्या एका प्रदर्शनात घोंगडीच्या कापडाचं जॅकेट टांगलेलं होतं आणि वर पाटी : भारतीय ट्वीड. हिमाचल-काश्मीरच्या हातकताईच्या पट्टू या लोकरी कापडालाही दुकानदार सर्रास ट्वीड म्हणतात. तिला ते लागलं. इचलकरंजीपासून जवळच पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. लहानपणी तिच्या वेणीत पिवळे झालेले लोकरीचे पुंजके अडकून घरी यायचे. दख्खनी मेंढीची ती लोकर राठ, टोचणारी. सणगर तिची घोंगडी खड्डामागावर विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, आणि रंगवतच नाहीत. पुढच्या खेपेला गावी गेल्यावर तिनं हातकणंगले तालुक्यातल्या एका सणगराकडून काळ्या घोंगडीचा धागा आणला आणि काचेखाली धरला. काळा त्यात थोडाच होता. गडद तपकिरी, गंजकट, राखी, मधूनच पांढरा केस. मिश्रण मेंढीच्या पाठीवरच झालेलं. या कापडाला स्वतःचं नाव आहे, ते नाव पुरेसं जुनं आहे आणि दगडाधोंड्यात, पावसात ते टिकलेलं आहे. दुसऱ्याचं नाव लावून त्याची किंमत वाढते, हे तिला मान्य नाही.

गेल्या दिवाळीला ती घरी गेली तेव्हा तिनं तीन धागे नेले. लुईसचा, पानिपतचा आणि घोंगडीचा. बाबा आता ऐंशीच्या घरात. चारपैकी दोन माग भंगारात गेले, दोन थोरला भाऊ चालवतो. काही न सांगता तिनं तीन धागे त्यांच्या तळव्यावर ठेवले. ते उठून दारात गेले, उन्हाकडं पाठ केली.

घोंगडीचा हातात घेताच बाजूला ठेवला. "ही आपली." पानिपतचा उकलला, ओढला, तो सुटला. "ह्यात आखूड लई हाय. फाडलेलं हाय हे. पर रंग कुनी लावलाय, त्येला नजर हाय." तिसऱ्याला वेळ लागला. बोटं थरथरत होती, पीळ सुटत नव्हता. तिनं हात पुढं केला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग एकदाचा धागा फुलला. "पाच... सहा. ह्यात निळाबी हाय की गं. लांबनं मातीगत दिसत हुता."

"तो पायानं विणणारा, खर्चीवाला," ती म्हणाली.

त्यांनी कपाटातून चोपडी काढायला लावली. शेवटच्या नोंदीला काही वर्षं होऊन गेली होती. पान उघडून तिन्ही धागे एकाखाली एक चिकटवले, तारीख घातली. व्यापाऱ्याच्या रकान्यात गावांची नावं लिहिली : लुईस, पानिपत, हातकणंगले. पिकाच्या रकान्यात रेघ मारली. मग पेन थांबलं.

"दर काय लिहू? पायवाल्याला मीटरला किती मिळतं? आनि त्या फाडनाऱ्या बायकांस्नी?"

लुईसचा तिला वीस वर्षांपूर्वीचा आठवत होता, आता तो कशाला राहील. पानिपतचा तिनं विचारलाच नव्हता. टक्के, वजनं, रंग, सगळं लिहून आणलं होतं.

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. "ऱ्हाऊ दे मोकळा," म्हणाले. "पुढच्या खेपंला इचारून ये."